शेवट माहीत आहे? मग लाव!

दिवाळीत चिखली-मेहकरकडच्या कुठल्याही घरात डोकावून बघा. पुण्याची पोरं रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं उतरलेली असतात, फराळाचे डबे उघडलेले असतात आणि भिंतीवरच्या भल्यामोठ्या टीव्हीत जगभरचे सिनेमे हात जोडून उभे असतात. अर्धा तास नुसता रिमोट फिरतो. कोरियन नको, मारधाड नको, आजीसमोर बघता येणार नाही असलं तर नकोच नको. शेवटी लागतो ‘अशी ही बनवाबनवी’. सन १९८८.

तीन-तीन ॲपचे पैसे भरायचे आणि बघायचं तेच, जे टीव्हीवर न मागता लागतं.

‘बाबा, काहून हसून राह्यले? हे तं तुमाले तोंडपाठ हाय ना!’ बारक्याचा प्रश्न. बाबा उत्तर देत नाहीत. पुढचा डायलॉग चुकेल ना! तोही पाठच आहे, ही गोष्ट वेगळी.

याला हल्ली मनाचं आरोग्य म्हणतात. दमलेला जीव, ओळखीचा सिनेमा, बालपणाची ऊब वगैरे. असेल बुवा. पण आमच्या बुलढाणा जिल्ह्यात त्यासाठी मानसशास्त्राची पुस्तकं कशाला उघडायची? इथं कशाचाच शेवट कुणाला माहीत नसतो. अक्षय्य तृतीयेला भेंडवळला घट मांडतात आणि दुसऱ्या दिवशी भल्या पहाटे भाकीत सांगतात: पाऊस किती, पीक कोणतं, राजाची गादी शाबूत की डळमळीत. अंधश्रद्धा म्हणून नाक मुरडणारेसुद्धा ती बातमी शेवटच्या ओळीपर्यंत वाचतात. २०२४-२५ला सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये ठरला. बाजारात किती मिळाला? सणासुदीला असले प्रश्न विचारू नयेत.

पाऊस अधांतरी, भाव अधांतरी, पोराची भरती अधांतरी. पक्की गोष्ट एकच.

‘बनवाबनवी’तली सुधा म्हणजे सुधीर.

आता ‘काय दिवस होते ते!’ या वाक्याकडे वळू. हे वाक्य दुसऱ्या लाडवानंतर हमखास येतं. ‘सगळं गाव एका टीव्हीसमोर बसायचं!’ बसायचं ना. १९८७ला ‘रामायण’ सुरू झालं तेव्हा गावात टीव्ही मोजून एखाद-दुसरा. एक पोरगा माळवदावर अँटेना धरून उभा. ‘आलं का?’ ‘आलं, आलं... गेलं!’ ‘आता?’ ‘आलं! तसाच उभा राय, हलू नको!’ तो बिचारा हललाच नाही. आज त्याची पन्नाशी उलटली असेल. त्याच्याही आठवणीत सिनेमा आहे, फक्त चित्र नाही.

आणि सगळं गाव म्हणजे कोण हो? सतरंजीवर कोण बसायचं, ओसरीत कोण, आणि खिडकीचे गज धरून बाहेर कोण उभं राहायचं?

ज्यांना हे आठवत नाही, ते सतरंजीवर होते.

आईचं तर विचारूच नका. घराघरातल्या आयांनी हे सिनेमे पाहिले नाहीत, ऐकले. पोळपाटाशी बसून. लक्ष्याचं वाक्य पडलं की बैठकीच्या मागोमाग स्वयंपाकघरातून हसू यायचं आणि त्याच्या मागोमाग हाक, ‘पानं घेतली, या!’ सिनेमा कौटुंबिकच होता. कुटुंबातलं एक माणूस चुलीपाशी असायचं, एवढंच.

मग आला भाड्याचा व्हीसीआर. एका रात्रीचं भाडं, म्हणून एका रात्रीत चार सिनेमे. पहिला देवाचा, आजी खूश व्हावी म्हणून. दुसरा मिथुनचा, कारण वर्गणी पोरांची. तिसरा अमिताभचा, त्यावर चर्चाच नाही. चौथा मराठी, कौटुंबिक, सहकुटुंब बघण्यासारखा. तो लागेपर्यंत पहाटेचे तीन वाजलेले आणि कुटुंब घोरत पडलेलं.

त्याच सिनेमावर आज सगळ्यात जास्त गळा काढला जातो.

गणपतीत चौकात पडदा लागायचा. समोर जागा नसली की लोक पडद्यामागं बसत. तिकडून सगळं उलटं दिसे. हिरो डाव्या हातानं मारायचा, पाट्या उजवीकडून डावीकडं. कुणाची तक्रार नव्हती. तेव्हा मागून बघितलेल्यांनी आता ‘खरा सिनेमा बघावा तर थेटरात’ असं व्याख्यान द्यावं? देतात.

आणि थेटर आहे कुठं? तालुक्याच्या गावच्या टॉकिजा एकेक करून मिटल्या. कुठं मंगल कार्यालय उभं राहिलं, कुठं गाळे निघाले. जिथं हिरॉइनच्या पाठवणीला बाया रडल्या, तिथं आता खरीच पाठवणी होते. तिकीट तेवढं अहेराच्या पाकिटात घालून द्यावं लागतं.

शेवट माहीत असल्याचं सुख वर सांगितलं खरं, पण वऱ्हाडात तेही उशिरा मिळालं. कारण लाइन. हिरो गुंडांच्या अड्ड्यावर पोचला की लाइन जायची. भारनियमनाच्या काळात वीज यायची ती पाहुण्यासारखी, जायची ती मालकासारखी. कित्येक सिनेमांचे शेवट या जिल्ह्यानं वीस-वीस वर्षांनी, मोबाइलवर पाहिले. आणि पाहून म्हणाला, ‘असंच वाटलं होतं.’

बरं, हे सिनेमे ‘स्वच्छ’ म्हणे. आताच्यासारखं घाणेरडं काही नाही म्हणे.

‘माहेरची साडी’ घ्या. १९९१. विजय कोंडके यांचा सिनेमा, अलका कुबल यांचे अश्रू. जन्मताच आई गेली म्हणून बाप पोरीला पांढऱ्या पायाची ठरवतो, पुढं सासर तिला पिळून काढतं, आणि हे सगळं बघायला लेकी-सुनांना घेऊन गावंच्या गावं लोटली. सासवाही गेल्या. ढसाढसा रडल्या. घरी आल्या आणि सुनेला म्हणाल्या, ‘भांडी राह्यली वं घासायची.’

‘हम आपके हैं कौन’ घ्या. १९९४. माधुरी आपली, रेणुका शहाणे आपली, रीमा लागू आपल्या, लक्ष्मीकांत बेर्डे तर आपलाच आपला. संस्कारांचा महापूर. थोरली बहीण जिन्यावरून पडून गेली, तर धाकटीला दाजीच्या गळ्यात बांधायचं ठरतं. घरात एवढी वडीलधारी, गुणी, संस्कारी माणसं, पण पोरीला नीट, स्पष्ट विचारायचं कुणाला सुचत नाही. शेवटी गुंता सोडवला कुणी?

कुत्र्यानं.

आणि ‘सूर्यवंशम’. १९९९. खीर. यापुढं काही सांगायला हवं का? बाप-लेकाचं भांडण मिटावं म्हणून आपण गेली पंचवीस वर्षं तीच विषारी खीर बघतो आहोत. तोंडी लावायला शेगावची कचोरी असते, हा त्यातला आपला खास वाटा.

मग म्हणतात, आताच्या लोकांना काही सुचत नाही, नुसती साउथची नक्कल. हो का? ‘बनवाबनवी’ आला १९६६च्या ‘बीवी और मकान’वरून, आणि तो आला त्याआधीच्या एका बंगाली सिनेमावरून. ‘धूमधडाका’चं मूळ १९६४च्या तमिळ ‘कादलिक्क नेरमिल्लै’त. म्हणजे साउथच. तात्या विंचू थेट अमेरिकेच्या बाहुल्यावरून. घळाघळा रडवणारी माहेरची साडीसुद्धा मूळ राजस्थानी.

अस्सल मराठी बालपण म्हणतात ते हे!

नक्कल वाईट असं मी म्हणत नाही. वसंत सबनीसांची लेखणी आणि अशोक सराफांचं टायमिंग मिळालं की नक्कल मुळाला झाकून टाकते. बंगालीत तो सिनेमा होता हे आज बंगाल्यांना तरी कुठं आठवत असेल? पण एक आठवून बघा. आज ज्यांना आपण सुवर्णकाळ म्हणतो, त्याच सिनेमांना तेव्हा घरातला शिकलेला काका ‘पाचकळ’ म्हणायचा आणि उठून जायचा. २०२५ला अशोक सराफांना पद्मश्री मिळाली. काकांनी त्याच दिवशी स्टेटस ठेवलं, ‘आमच्या बालपणीचा हिरो.’

बालपणीचा? काका, तुम्ही तेव्हा बँकेत होता.

आता जरा घरचा हिशोब. या एवढ्या आपल्या-आपल्या सिनेमांत बुलढाणा कुठं आहे? शोधा. पुण्यातला बंगला आहे, मुंबईतलं ऑफिस आहे, कोल्हापूरकडचा वाडा आहे. लोणारचं सरोवर उल्केनं खोदून ठेवलं, पण एखाद्या हिरोला तिथं गाणं म्हणावंसं वाटलेलं मला तरी आठवत नाही. वऱ्हाडी बोली हवी असली की गडी आणायचा, त्यानं ‘काय बाप्पा’ म्हणायचं आणि चहा ठेवून निघून जायचं. आपण हसायचं. कुणाला? स्वतःला. वर त्यालाच लहानपणीच्या गोड आठवणी म्हणायचं.

सचिन पिळगावकरांचा ‘नवरा माझा नवसाचा’ २००४ला आला, तो एसटीत. तिथवर आपण बरोबरीत होतो. एसटी आपल्याकडंही आहे, तशीच खडखडते. वीस वर्षांनी दुसरा भाग आला, तो कोकण रेल्वेत. इथं मात्र बुलढाणा शहर हरलं. या जिल्ह्याच्या ठिकाणाला रेल्वेच नाही. खामगाव-जालना मार्गाची मागणी शंभर वर्षांहून जुनी आहे. आजोबांनी निवेदन दिलं, वडिलांनी निवेदन दिलं, आता नातू ट्विट करतो. एकच गोष्ट पुन्हापुन्हा बघून समाधान मानण्याचा सराव या जिल्ह्याला काय सिनेमानं लावला?

पोरांना मात्र हा सगळा उमाळा समजत नाही. त्यांना सत्तर रुपयांचा विनोद माहीत असतो, लिंबू कलर माहीत असतो, सगळं स्टिकरमधून. सिनेमा पाहिलेला नसतो. मोठ्या हौसेनं शेजारी बसवावं, तर दहाव्या मिनिटाला विचारतात, ‘हा तर सचिनच आहे. साडी नेसला म्हणून कुणाला कळत कसं नाही?’

इतक्या वर्षांत हा प्रश्न आपल्याला पडला नव्हता. पोराला ताबडतोब झोपायला पाठवावं.

यातला खरा विनोद पुण्यात चालू आहे. बनवाबनवीचं सगळं घोडं अडतं कशावर? खोलीवर. जोडप्यालाच जागा देणारी मालकीण, म्हणून दोघांनी साड्या नेसायच्या. आज चिखलीचा, देऊळगाव राजाचा पोरगा हिंजवडीत नोकरी लागली म्हणून वाकडला जागा बघायला जातो. मालक विचारतात, लग्न झालंय? नाही. गाव? बुलढाणा. मग गावाकडची माणसं वरचेवर येत असतील? मटण करता का? मित्र किती? दारू? आणि एवढं सगळं विचारून झाल्यावर, आमची सोसायटी बॅचलरला देत नाही हो.

हेच मालक रविवारी दुपारी जेवून पाय पसरतात, बनवाबनवी लावतात आणि चार भाडेकरूंनी मालकिणीला गंडवलं की सोफ्यावर थाप मारून हसतात. घरमालक सरपोतदारांची फजिती झाली की त्यांच्या डोळ्यांत पाणी येतं. आपण कुणाच्या बाजूनं हसतोय, याचा त्यांना पत्ताच नसतो. गेटवर पाटी असते, ‘फक्त फॅमिलीसाठी’.

चिखलीच्या पोरांनी साडीचाही विचार करून पाहिला असेल. पण ती सोयही आता राहिली नाही. भाडेकराराला दोघांचंही आधार कार्ड लागतं.