एका खंडाची तूट

सातारकराला इतिहासाचं वेड लागायला निमित्त लागत नाही. ग्रँट डफ आमच्याच गावात कंपनीचा माणूस म्हणून बसला होता. मराठ्यांच्या इतिहासाचे त्याचे तीन खंड 1826 साली लंडनला निघाले. पारसनीसांनी इथंच बसून जुने कागद जमवले. अशा गावात आपल्या कपाटात नुसते दिवाळी अंक असावेत याची मला लाज वाटू लागली. ग्रँट डफची पहिली आवृत्ती घ्यायची तर फंड काढावा लागला असता, म्हणून मी खरेशास्त्र्यांकडे वळलो.

वासुदेवशास्त्री खरे मिरजेच्या हायस्कुलात संस्कृत शिकवत. पटवर्धनांच्या दप्तरातली पत्रं वाचून, जुळवून 1897 पासून त्यांनी ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ काढला आणि मास्तरकी सांभाळून त्याचे बारा खंड केले. पटवर्धन म्हणजे पेशव्यांचे दक्षिण सरहद्दीचे राखणदार. जवळ कोल्हापूरकर, लांब तुंगभद्रेपलीकडे हैदर. एवढी माहिती मला होती आणि लग्नाच्या पंगतीत ती जिलेबी येईपर्यंत सहज पुरायची.

अडचण एकच. मधला एक खंड माझ्याकडे नव्हता. पाहुण्यांची नजर उरलेल्या खंडांवरून सरळ त्या फटीत जायची. “हा कुणी नेला?” असं विचारलं की मी उसासा टाकायचो. नेला असता तर बरं, असा तो उसासा असे.

तो खंड सांगलीत एका रद्दीवाल्याकडे दिसल्याची खबर आली आणि मी कराड, पेठ नाका, आष्टा करत एसटीनं निघालो. जुन्या पुस्तकांच्या बाजारात हवं ते पुस्तक कधी मागायचं नाही, हे मला ठाऊक होतं. चेहऱ्यावरची हाव दिसली की भाव दुप्पट. खंड गल्ल्याशेजारीच होता. मी त्याच्याकडे पाठ केली आणि हळद लागवडीचं पुस्तक मागितलं. मग घरगुती होमिओपॅथी. मग कुळकायद्यावरचं एक. संशय नको म्हणून भावही केला नाही. दुकानदारानं सगळं सुतळीनं बांधलं, पैसे घेतले. तेव्हा कुठं मी जांभई देत म्हणालो, “आणि हे जाडजूड काय आहे?”

“ते विकायचं नाही. मी वाचतोय.”

“वाचताय?”

“म्हणजे काय! सावशीला घात झाला बघा. 1777 साल. कोन्हेरराव पटवर्धन पडले, पांडुरंगराव हैदराच्या हाती लागले. निम्मंच झालंय अजून.” त्यानं खुणेला घातलेलं एसटीचं तिकीट दाखवलं. “तुम्ही जाणकार दिसताय. सुटले का हो पुढं पांडुरंगराव?”

हळद लागवडीचं पुस्तक काखेत घेऊन माणूस जाणकार कसा दिसतो कोण जाणे. पण मी फुगलो. माझ्याकडे बाकीचे सगळे खंड आहेत, हेही सांगून टाकलं. पांडुरंगरावांबद्दल म्हणालो, “सुटले असणार. पेशव्यांनी सोडवले असतील.”

“मग असं करा की, पुढचे खंड द्या वाचायला. माझं झालं की हा पण तुमचाच.”

एवढा सरळ सौदा पुन्हा मिळणार नव्हता. पुढच्याच आठवड्यात मी पुढचे खंड पिशवीत घालून पोचते केले. घरी आता एका फटीच्या जागी अर्धा कप्पा रिकामा होता. हिनं तिथं लोणच्याच्या बरण्या मांडल्या. लागवडीचं पुस्तक मात्र तिनं मन लावून वाचलं आणि परसात चार गड्डे पुरले.

परवा सांगलीहून फोन आला. आवाज जरा पडलेला होता.

“साहेब, पांडुरंगराव सुटले नाहीत हो. श्रीरंगपट्टणला कैदेतच गेले.”

“अरेरे,” मी म्हणालो.

“आणि दुसरं म्हणजे, तुमच्या खंडांची पानं अजून कडेनं जोडलेलीच आहेत. ब्लेडनं कापू, का तुम्ही येऊन कापताय?”