कोहळ्याला दात फुटले!

ऐकलं का? २०२४ला हॅलोविन आणि नरकचतुर्दशी एकाच दिवशी, ३१ ऑक्टोबरला आली, तर नागपूरच्या आमच्या फ्लॅट स्कीमच्या गेटवर वर आकाशकंदील आणि खाली कोहळं, म्हणजे लाल भोपळा! तिरपे डोळे, विचकलेले दात, पोटात पणती. अभ्यंगस्नान आटोपून दूध आणायला निघालेले काका दचकून पुन्हा वर गेले.

बाजारातच बोंब झाली होती म्हणे. इथे कोहळं घ्यायचं ते फोडीनं. भाजीवाल्यानं विचारलं, "अख्खं कायले पायजे बाप्पा? पंगत हाय का?" "नाही, त्याला तोंड काढायचंय," म्हटल्यावर त्यानं तराजूच खाली ठेवला.

आणि पहिली सुरी लावली कुणी? तिसऱ्या माळ्यावरच्या वहिनींनी! कोहळ्याला पहिला घाव पुरुषानंच घालायचा, हे सांगायला तळमजल्यावरच्या आजी निघाल्या, तोवर टोपण निघालंसुद्धा. पण आपल्याकडचा गर जाड. सुरी अडली, भाऊजींनी हातोडी आणली. पहिला दात बरा निघाला, दुसरा तुटला, तिसऱ्याला जबडाच गेला.

मुळात हे आयरिश लोकांचं खूळ, आणि तेही सलगमचं. सैतानाला फसवणारा कुणी कंजूष जॅक. त्याला ना स्वर्गात थारा ना नरकात, म्हणून पोखरलेल्या सलगमात निखारा घेऊन रात्रभर भटकतो. असली पाहुणेमंडळी दारात येऊ नयेत म्हणून ही भेसूर तोंडं. आयरिश अमेरिकेत गेले, तिथे त्यांना मोठी, कोरायला सोपी कोहळी सापडली. म्हणजे काम तेच, जे आपल्या दुकानाच्या दारावर टांगलेला पांढरा कोहळा करतो. आपला तोंड मिटून करतो, एवढंच.

आणि भुतं पळवायला नागपूरला परदेशी मदत हवी? काळ्या मारबतीचा पुतळा निघतो १८८१पासून, पिवळीचा १८८५पासून! पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इतवारीत गर्दी ओरडते, 'घेऊन जा गे मारबत!' सोबत पुढाऱ्यांचे बडगे, म्हणजे त्यांचेही पुतळे. एवढ्यानं जे भूत हललं नाही, ते पणतीला भिणार?

असो, हौसेला मोल नाही. पण तो किलो-दोन किलो गर कुठे गेला? कचऱ्याच्या डब्यात! अहो, गूळ, कणीक, चिमूटभर वेलची, की झाली कोहळ्याची बोंडं! तेव्हा यंदा कोरा, खुशाल कोरा. गर मात्र आमच्या दारी पाठवा. तळून देऊ, तेल तुमचं.