गोळी म्हणजे प्रसाद नव्हे!

बाल्टिमोर

ती. बाबा आणि ती. आईस,


दिवाळीत अकोल्याला आलो की एकाच गाडीतून चिखलदऱ्याला जायचं, वाटेत अमरावतीहून माझ्या सासूसासऱ्यांना घ्यायचं, हे फोनवर ठरलं. लगेच आईने गाडी लागण्यावरच्या अ‍ॅव्होमिनच्या गोळ्या आणून ठेवल्या आणि निघताना सगळ्यांना एकेक वाटायची असं बाबांनी जाहीर केलं म्हणे. म्हणून हे पत्र. व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलं की बाबा नुसता अंगठा दाखवतात.

परतवाड्यानंतरच्या घाटात आतल्या कानाला वळणं कळतात, डोळे मात्र मोबाइलात असतात. दोघांचं जमत नाही आणि राग पोटावर निघतो. यावरचं एक औषध आमच्याच गावचं बरं का! 1947 साली इथल्या जॉन्स हॉपकिन्समध्ये डॉ. गे आणि डॉ. कार्लिनर अंगावर गांधी उठण्यावर नवं औषध देऊन पाहत होते. ते घेणाऱ्या एका गरोदर बाईंना ट्राम लागायचीच बंद झाली! पुढच्याच वर्षी सैनिकांच्या जहाजावर त्याची चाचणी झाली.

तुमची अ‍ॅव्होमिन वेगळी, पण घराणं तेच, अ‍ॅलर्जीच्या गोळ्यांचं. त्यामुळे झोप फुकटात. काका गाडी चालवणार, त्यांना गोळी नाही. "अर्धी घे ना बाप्पा, काही होत नाही," असा आग्रहही नाही. बाबा, तुमचा काचबिंदू आणि प्रोस्टेट, दोन्हींचं या गोळीशी पटत नाही. डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नका, आणि वर सर्दीची गोळी तर नकोच. ताईच्या दीड वर्षाच्या छकुलीला अजिबात नाही. दोन वर्षांखालच्या लेकरांचा श्वास या औषधाने मंदावू शकतो. उरली आई. तू डॉक्टर सांगतील तेवढीच घे, निघायच्या तासभर आधी. उलटी सुरू झाल्यावर घेतलेली गोळी पोटात टिकतच नाही.

घाटाआधी पोट जड नको, म्हणून अमरावतीचा गिलावडा परतताना खाऊ, मामंजींना तसं कळवलंय.

पुढची सीट आईची. तिने लांबवर बघत बसायचं. बाबा, काकांना रस्ता सांगायचा मान यंदा तिचा. तिला रस्ता ठाऊक नाही, पण तुम्हाला तरी कुठे असतो?

तुमची लाडकी,
बेबी