तरुण आहेस ना!

मे महिना तरुण माणसाच्या प्रकृतीला मानवतो, असा आमच्या घरात समज आहे. त्यामुळे वर्षभराची सगळी उचलठेव या महिन्यासाठी राखून ठेवलेली असते. यंदा त्यात युरोप होता आणि युरोप आटोपल्यावर मालवणकडचं आमचं गाव, तोंडवली. जायचं का, हे दोन्ही वेळा मला कोणी विचारलं नाही. असं काही विचारायचं असतं हेच आमच्याकडे कोणाला माहीत नाही, त्यामुळे मी कोणाला दोष देत नाही. फक्त नोंद करून ठेवतो.

युरोपला जाणार असल्याचं मला आत्याकडून कळलं. तोवर सहल कंपनीला पैसे भरून झाले होते, माझा पासपोर्ट देऊन झाला होता आणि मला सर्दी होते म्हणून माकडटोपीही घेऊन झाली होती. उरलं होतं ते व्हिसाचे अर्ज भरण्याचं काम. ते माझं, कारण ‘तुला कंप्युटरचं कळतं’. शेंगेन व्हिसाला माणशी 90 युरो शुल्क, किमान 30,000 युरोंचा वैद्यकीय विमा, बँकेचे उतारे आणि एक फोटो लागतो, ज्यात हसायचं नसतं. या शेवटच्या अटीचा आमच्या घरात कोणाला त्रास झाला नाही. आत्याच्या बोटांचे ठसे मात्र यंत्राला सापडेनात. उभा जन्म आडाळ्यावर नारळ कातणाऱ्या बाईच्या बोटांवर रेषा उरत नाहीत, ही गोष्ट युरोपीय संघाच्या लक्षात आलेली दिसत नाही.

सहलीचा नियम सहा-सात-आठ. सहाला उठायचं, सातला नाश्ता, आठला बस. पहिल्या सकाळी ‘गणपती बाप्पा मोरया’ झालं आणि टूर मॅनेजरने माईक फिरवला. नाव, गाव, काय करता. मी ‘मूळ गाव तोंडवली’ म्हणालो आणि तिथेच फसलो. पॅरिसमध्ये आयफेल टॉवरखाली उभं राहून लोक मला विचारत होते की मालवणात सुरमई काय भावाने मिळते, होमस्टेला एसी आहे का आणि मेमध्ये खूप उकडतं का. समोर 330 मीटरचा टॉवर होता. त्याला कोणी काही विचारलं नाही.

बसमधल्या जागा रोज बदलतात, म्हणजे प्रत्येकाला पुढे बसायला मिळावं अशी सोय आहे. माझी पाळी आली की कोणाचा तरी गुडघा दुखायचा. ‘तरुण आहेस ना, मागे बस.’ मी संपूर्ण स्वित्झर्लंड उलटीच्या पिशव्यांच्या खोक्याशेजारून पाहिलं. त्या पिशव्या वाटण्याचं कामही मग ओघानेच आलं.

आमच्या ड्रायव्हरचं मात्र मला कौतुक वाटतं. तिकडच्या कायद्याप्रमाणे साडेचार तास गाडी चालवली की त्याने पाऊण तास थांबलंच पाहिजे. बसमध्ये यंत्र असतं, ते सगळं लिहून ठेवतं. काकालोकांनी ‘अजून दहा मिनिटं चालव ना’ म्हणून पाहिलं, त्याला थेपले देऊन पाहिले. त्याने थेपले खाल्ले आणि गाडी थांबवली. त्या पाऊण तासात मी सगळ्यांच्या बाटल्या भरून आणायचो. जर्मनीच्या महामार्गावर स्वच्छतागृहाला एक युरो पडतो आणि तेवढ्याच रकमेचं कुपन मिळतं, ते तिथल्या दुकानात चालतं. आत्याने सगळ्यांकडून कुपनं गोळा केली. ती अजून तिच्या पर्समध्ये आहेत, हिंगाच्या डबीशेजारी. पुन्हा गेलो तर उपयोगी पडतील म्हणते.

युंगफ्राउयोखला, म्हणजे 3,454 मीटर उंचीवर, 1912 पासून रेल्वे जाते. डोंगर पोखरून नेलेली आहे. त्यावर बाबांचं मत : ‘आपली कोकण रेल्वे जास्त अवघड होती.’ वर बर्फात मी सगळ्या बसचे फोटो काढले. एकेकट्याचे, जोडीने, बर्फ उडवताना, बर्फ उडवताना नीट आला नाही म्हणून पुन्हा. माझा फोटो नाही. एका फोटोत आत्याच्या काळ्या चष्म्यात मी दिसतो, तो मी मोठा करून ठेवलाय.

हॉलंडमध्ये टूर मॅनेजर बांधांविषयी सांगू लागला. समुद्र अडवायला घातलेला 32 किलोमीटरचा अफस्लाउटडाइक 1932 साली पुरा झाला, वगैरे. अख्खी बस झोपली होती. एकटे बाबा ताठ बसले. बंधारा म्हटलं की तोंडवली-तळाशीलच्या माणसाला झोप येत नाही. एका अंगाला अरबी समुद्र, दुसऱ्या अंगाला गड नदीची खाडी आणि मध्ये वाळूची चिंचोळी पट्टी, तिच्यावर माड आणि घरं. पावसाळ्यात समुद्र किनारा खातो, मग दगड टाकायची मागणी होते, मग दगड पडतात, मग पुढचा पावसाळा येतो. बाबांनी माईक मागून घेतला आणि विचारलं, ‘या बंधाऱ्याला दरवर्षी निधी कोण मंजूर करतं?’ टूर मॅनेजरने अंताक्षरी सुरू केली.

परतल्यावर गावी. झुरिकचं विमान वेळेवर होतं, कणकवलीचं तिकीट वेटिंगवर. रेल्वेचं आरक्षण नोव्हेंबर 2024 पासून 120 ऐवजी 60 दिवस आधी उघडतं. मे महिन्यातल्या कोकणच्या गाड्यांचं ते उघडतं कधी आणि मिटतं कधी यातला फरक मला तरी टिपता आला नाही. म्हणून रस्त्याने गेलो. मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण सुरू झालं तेव्हा, म्हणजे 2011 साली, मी बालवाडीत होतो. आता मी कॉलेजात आहे. माझं शिक्षण आधी पुरं होईल असा अंदाज आहे.

‘कधी इलंस? जेवतलंस मां?’ काकीने विचारलं. उन्हाळ्यात कोणी माझ्याविषयी विचारलेले हे पहिले प्रश्न, म्हणून लक्षात राहिले. आजीला युरोपविषयी एकच जाणून घ्यायचं होतं.

‘थंय मासे गावतत?’

‘मिळतात. काटे काढलेले असतात.’

‘मगे खातत काय?’

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून मागल्या पडवीत रातांबे फोडायला बसलो. बिया एकीकडे, साली एकीकडे, सालींना मीठ, मग खळ्यात ऊन दाखवायचं आणि आभाळ आलं की धावत आत. घरात माझ्या वयाची आणखी चार भावंडं होती. त्यांच्या परीक्षा होत्या, कोणाची पाठ धरली होती, एक जण ‘वर्क फ्रॉम होम’ करत होता, म्हणजे माडाला टेकून रेंज शोधत होता. माझी बोटं लाल झाली. आता ठसे माझेही उमटायचे नाहीत.

आणि मेच्या अखेरीस बसमधली दोन कुटुंबं खरोखर आली. मी पत्ता दिला नव्हता, आत्याने दिला होता. उतरल्या उतरल्या एक काका म्हणाले, ‘मग काय टूर मॅनेजर, सहा-सात-आठ?’ सगळे हसले. मी सहाला उठलो. युरोपभर सकाळी पोहे मागणाऱ्या या मंडळींनी तोंडवलीत कॉर्नफ्लेक्स आहेत का विचारलं. काकीने घावणे वाढले आणि विषय संपवला. मग सिंधुदुर्ग किल्ला बघायचा होता. पावसाळा तोंडावर आला की किल्ल्याच्या होड्या बंद होतात, त्या झाल्या होत्या. स्कूबाही बंद. एक जूनपासून यांत्रिकी मासेमारीला बंदी, त्यामुळे सुरमईविषयी आयफेल टॉवरखाली झालेली चर्चाही वाया गेली. ‘मग इथे बघायला काय आहे?’ मी समुद्र दाखवला. सुरूचं बन दाखवलं. खाडी दाखवली. ते वीस मिनिटांत बघून झालं, कारण सहलीत प्रत्येक ठिकाणाला वीस मिनिटं द्यायची सवय लागलेली असते.

‘इथे ते सी वर्ल्ड होणार होतं ना?’ एकाने विचारलं.

होणार होतं. सिंधुदुर्ग 1997 साली पर्यटन जिल्हा जाहीर झाला. पुढे तोंडवली-वायंगणीच्या सड्यावर जगातल्या मोठ्या मत्स्यालयांसारखं काहीतरी उभारायचं घाटत होतं. जमीन आधी 1,390 एकर लागणार होती, विरोध झाल्यावर ती 350 एकरांवर आली. माशांना पाहायला एवढी जागा लागते हे आजीला कधीच पटलं नाही. ती मासा टोपलीत बघते. प्रकल्प अजून झालेला नाही. झाला असता तर परदेशी पाहुण्यांच्या बसेस आठच्या ठोक्याला इथे आल्या असत्या आणि त्यांच्यातल्या सगळ्यात तरुण पोराने मागच्या सीटवरून आमचं घर पाहिलं असतं. जमीनवाले ‘नाही’ म्हणाले, सभांतून म्हणाले, कागदावर म्हणाले. गावाला ते जमतं. माझ्याच घरात हे कसब माझ्यापर्यंत का उतरलं नाही, कळत नाही.

पाहुणे गेले. त्यांच्या बॅगा मी गाडीत ठेवल्या, आमसोलांच्या पिशव्यांसकट. आत्याने हिशेब केला : मी फोडलेले सगळे रातांबे तिने भेट देऊन टाकले होते.

पुढच्या मेमध्ये जपान आहे. आगाऊ रक्कम भरून झाली, माझा पासपोर्ट कंपनीकडे आहे. बसमध्ये मागची सीट, बॅगांची जबाबदारी आणि फोटो काढण्याचा पूर्ण हक्क, अशी ही जागा आहे. वय वीसच्या आतबाहेर आणि पाठ धड असलेल्या कोणाला ती हवी असेल, तर त्यांनी आत्याशी बोलावं. माझ्याशी बोलून उपयोग नाही.