दहा टक्क्यांचं दप्तर

दप्तराचं ओझं कमी करण्यासाठी आजवर जेवढे कागद निघाले, त्यांचंच एक भरगच्च दप्तर होईल. १९९३मध्ये यशपाल समितीने ओझ्याविना शिक्षणाचा अहवाल दिला. २०१५मध्ये महाराष्ट्र सरकारने फर्मावलं, दप्तर मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून जड नको. २०२०मध्ये केंद्राच्या धोरणाने तोच सूर लावला आणि शाळेत वजनकाटा ठेवा, असंही सुचवलं. म्हणजे आता गुरुजींनी शिकवण्याआधी तोलायचं!

हिशेब सोपा आहे. दुसरीतल्या वीस किलोच्या बंड्याला दोन किलोची मुभा. त्यातला एक किलो लिटरभर पाण्यानेच खाल्ला, कारण शाळेतल्या नळाच्या पाण्यावर आईचा विश्वास नाही. उरलेल्या किलोत डबा, कंपास, पुस्तकं, स्वाध्याय, गाईड आणि क्लासच्या वह्या बसवून दाखवा. नियमात राहायचं तर एकच उपाय: बंड्याला रोज तूप-साखर चारून त्याचंच वजन वाढवा.

२०२३मध्ये वह्यांचं ओझं नको म्हणून बालभारतीच्या पुस्तकांतच कोरी पानं घातली. पोरं पुस्तकंही आणू लागली, वह्याही. २०२५मध्ये शासनाने ती पानं गुंडाळली.

साहेब, पुढचा आदेश काढण्यापूर्वी प्रत्येक वर्गात एक कपाट आणि शाळेत पिण्यालायक पाणी द्या. काटा मग वाण्याला परत करता येईल.