धंदा बंगळुरूत, पत्ता डेलावेअरचा

कंपनी काढायची तर माल, गिऱ्हाईक, भांडवल हे सगळं मागाहून. आधी पत्ता ठरवावा! अमेरिकेतल्या डेलावेअर राज्यात, विल्मिंग्टन गावी, १२०९ नॉर्थ ऑरेंज स्ट्रीट या एका बैठ्या इमारतीच्या पत्त्यावर २०१२ साली तब्बल २ लाख ८५ हजार कंपन्या ‘नांदत’ होत्या. चाळीतल्या बिऱ्हाडकरूंनी आता दाटीची तक्रार करू नये.

आपल्या हुशार पोरांनीही धंदा बंगळुरूत मांडला आणि कंपनी नोंदवली सिंगापूर नाहीतर डेलावेअरला. गुंतवणूकदारांना तिथला कायदा ओळखीचा ना! पुढे मुंबईच्या शेअर बाजाराची घंटा खुणावू लागली, तशी मातृभूमी आठवली. फोनपे २०२२ मध्ये सिंगापूरहून परतली. तिच्या गुंतवणूकदारांनी भारताला सुमारे ८,००० कोटी रुपये कर मोजला. शेअर खरेदी-विक्रीचं ॲप चालवणारी ‘ग्रो’ डेलावेअरहून आली, अमेरिकेला सुमारे १,३४० कोटी रुपये कर देऊन. एकीनं आत शिरायचे पैसे भरले, दुसरीनं बाहेर पडायचे.

तेव्हा परदेशात कंपनी थाटताना वकिलाला ‘जायचं कसं’ एवढंच विचारू नका. ‘परत यायचं कितीला’ हेही विचारून घ्या. सल्ल्याची फी दोन्हीकडून त्यालाच मिळते, म्हणून तो आपणहून सांगेलच असं नाही.