कलम सात आणि दहा स्क्रू

साताऱ्यातल्या एका शाळेने यंदा नववीच्या मुलांना लॅपटॉप दिले. दिले म्हणजे वापरायला दिले. आणि वापरायला दिले म्हणजे अनामत रक्कम, वार्षिक ‘डिजिटल शुल्क’ आणि पाचशेच्या मुद्रांकावर चार पानी हमीपत्र घेऊन दिले. (शंभराचा मुद्रांक ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्यातून निवृत्त झाला, त्यामुळे डिजिटल युगात पालकांची चारशे रुपयांनी प्रगती सुरुवातीलाच झाली.) हमीपत्रात एकोणीस कलमे. त्यातली अठरा नेहमीचीच. पाडणार नाही, हरवणार नाही, भिजवणार नाही, धाकट्या भावंडाच्या हाती देणार नाही. सातवे कलम मात्र असे: ‘उपकरणाच्या तळाकडील स्क्रूंना विद्यार्थी अथवा पालक यांनी हात लावू नये.’

स्क्रू काढू नये असे म्हटलेले नाही, सैल करू नये असेही नाही. हात लावू नये. लॅपटॉपच्या तळाला दहा स्क्रू आहेत. तो दोन्ही हातांनी उचलला की कुठली ना कुठली बोटे कुठल्या ना कुठल्या स्क्रूला लागतात, आणि मांडीवर घेतला की थेट कलमभंग. पालकसभेत एका आजोबांनी उभे राहून विचारले, “मग उचलायचा कसा?” मॅडम म्हणाल्या, “आजोबा, त्यामागची भावना समजून घ्या.” आजोबांनी भावना समजून घेतली. दुसऱ्या दिवशी नातवाने लॅपटॉप वर्गात आणला तो गणपती आणतात तसा, पाटावर ठेवून, वर रुमाल टाकून.

दहापैकी दोन स्क्रूंवर चंदेरी स्टिकर आहे. ‘काढल्यास वॉरंटी रद्द.’ साताऱ्याचा जुलै ज्याने पाहिला आहे त्याला कागदाचे काय होते ते सांगायला नको. तिथे भिंतीचा रंग सुटतो, पापडाचे चामडे होते. स्टिकरचे कोपरेही आपोआप उचलले जाऊ लागले. एका बापाने घाबरून त्यावर पारदर्शक चिकटपट्टी लावली. शाळेच्या तपासणीत ती सापडली आणि वहीत नोंद झाली: ‘संशयास्पद चिकटपट्टी’. दुसऱ्या एका घरी खंडेनवमीला आजीने इतर हत्यारांबरोबर लॅपटॉपचीही पूजा केली. २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेली सांगलीची हळद ती. चिमूटभर हळद ‘एच’ आणि ‘जे’च्या फटीतून आत गेली ती गेलीच. आता ती काढायची तर तळ उघडावा लागणार. म्हणजे पुन्हा कलम सात.

हमीपत्रावर सही कोणी करायची यावरही घोळ झाला. शाळेला ती विद्यार्थ्याचीच हवी होती, ‘मुलांमध्ये जबाबदारीची जाणीव यावी म्हणून’. एका वकील पालकांनी नम्रपणे सांगितले की भारतीय करार कायदा १८७२ सालचा आहे, अठराच्या आतल्या मुलाला करार करता येत नाही, आणि केलाच तर तो मुळातच शून्य ठरतो, हे लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने १९०३ साली कोलकात्याच्या एका गहाणखताच्या खटल्यात सांगून ठेवले आहे. शाळेने ताबडतोब बापांच्या सह्या घेतल्या. मग वकीलसाहेबांनी त्याच कायद्याचे कलम १५० पुढे केले: वस्तू सांभाळायला देणाऱ्याने तिच्यातले आपल्याला ठाऊक असलेले दोष आधी सांगितले पाहिजेत. लॅपटॉप आधीच्या तुकडीने वापरलेले होते आणि त्यांच्या बॅटऱ्या प्रार्थनेपासून दुसऱ्या तासापर्यंत टिकत होत्या. यावर मॅडम म्हणाल्या, वेळ संपली, उरलेले प्रश्न लेखी द्यावेत.

आता सांगली. यातल्याच एका मुलाचा मामा विश्रामबागेत राहतो. त्याची मुलगी दहावीत. मामाने तिला डेस्कटॉप असेंबल करून दिला. खरे तर तिने मामाकडून करून घेतला. सुटे भाग मागवले तेव्हा साताऱ्याच्या ताईचा फोन आला: “अरे, ब्रँडेड घे की! असेंबल्डला गॅरंटी नसते.” हे वाक्य महाराष्ट्रात वर्षानुवर्षे बोलले जात आहे. असेंबल्ड मशीनच्या प्रत्येक भागाला त्याची त्याची वॉरंटी असते आणि बिल जपून ठेवले तर मिळतेही, हे ठाऊक असलेला माणूस अशा फोनवर गप्प बसतो. मामा गप्प बसला.

रविवारी सकाळी सतरंजीवर सगळे मांडले. मदरबोर्डचा खोका, प्रोसेसर, रॅमच्या दोन पट्ट्या, एसएसडी, एसएमपीएस, रिकामे कॅबिनेट. कॅबिनेटच्या बाजूच्या झाकणाला दोनच स्क्रू, आणि तेही असे मोठ्या डोक्याचे की अंगठा-तर्जनीने फिरतात. स्क्रूड्रायव्हरही लागत नाही. बनवणाऱ्यानेच गृहीत धरले आहे की कोणीतरी हे उघडणार. प्रोसेसरच्या एका कोपऱ्यावर त्रिकोण, सॉकेटवरही त्रिकोण, दोन्ही जुळले की तो आपल्या वजनाने बसतो, दाबायचा नाही. थर्मल पेस्ट वाटाण्याएवढी. रॅमच्या पट्टीला मध्यापासून किंचित बाजूला एक खाच असते, त्यामुळे ती उलटी बसूच शकत नाही. मुलीने तरी एकदा उलटी बसवून पाहिली. खाच का आहे हे तिला त्यानंतर शिकवावे लागणार नाही. सगळे जोडले, बटण दाबले, पंखा फिरला आणि पडदा काळाच. मामी आतून म्हणाली, “तरी सांगत होते.” मामाने रॅम काढली, कंपासपेटीतले खोडरबर घेतले, सोनेरी दात हलक्या हाताने घासले आणि पट्टी पुन्हा ‘टक्’ आवाज येईपर्यंत दाबली. पडदा उजळला. पाठ्यपुस्तकात संगणकाची पिढीवार माहिती आहे. तो खोडरबराने दुरुस्त होतो, ही माहिती नाही.

न्यायाने बोलायचे तर लॅपटॉपची बाजूही आहे आणि ती सांगलीकरांनाच जास्त कळते. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाशी कृष्णेचे पाणी ५७ फुटांच्या वर गेले. तिथली धोक्याची पातळी ४५ फूट. २०२१ मध्ये पुन्हा महापूर. अशा वेळी लॅपटॉप पिशवीत घालून माडीवर जाता येते. मॉनिटर, कॅबिनेट आणि यूपीएस उचलताना मात्र माणसाला पाठीचा कणा असल्याची जाणीव होते. वीज गेली की यूपीएस पाच-दहा मिनिटे टूं-टूं करतो. तेवढ्यात निबंध सेव्ह करायचा. एका खोलीच्या घरात टेबलच नसते. हे सगळे खरे. दप्तराचे ओझे हा मुद्दा मात्र लॅपटॉपच्या बाजूने मोजू नये. २०१५ च्या शासन निर्णयानुसार दप्तर मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून जड नको. लॅपटॉप आल्यावर पुस्तके कमी झाली का, असे विचारता शाळेने खुलासा केला की लॅपटॉप दप्तरात नाहीच, तो लॅपटॉप-बॅगेत आहे.

पण साताऱ्याच्या पालकांना निवड कुठे होती? शाळेने सांगितले, घरचा संगणक चालणार नाही, ‘एकसमानता’ हवी. मामाने हिशेब मांडला. अनामत (परतीच्या वेळी ‘झीज’ वजा होणारी) आणि तीन वर्षांचे शुल्क मिळवले की मॉनिटर-यूपीएससकट डेस्कटॉप येतो, अठरा टक्के जीएसटी धरून, आणि तो घरात राहतो. चौथ्या वर्षी त्यात रॅम वाढवता येते, सहाव्या वर्षी एसएमपीएस बदलता येतो. शाळेचा लॅपटॉप तीन वर्षांनी परत जातो, पुढच्या मुलाच्या बापाचा मुद्रांक उजळायला.

याच सांगली जिल्ह्यात, कुंडलजवळच्या माळावर, १९१० साली औंधच्या राजाने दिलेल्या जागेत किर्लोस्करवाडी वसली. ती वसवणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर त्याआधी बेळगावात सायकलींचे दुकान चालवत. यंत्र उघडून पाहण्याच्या खोडीतून पुढे लोखंडी नांगर आले, चरक आले, पंप आले. त्यांच्याकडून कोणी पाचशेच्या मुद्रांकावर कलम सात लिहून घेतले असते तर दक्षिण महाराष्ट्र अजून लाकडी नांगरच ओढत असता. इतके मागे जायचे नसेल तर २००७ पाहावे. जगभर गाजलेल्या ‘प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप’ या योजनेचा भारतातला पहिला प्रयोग रायगडच्या कर्जत तालुक्यातल्या खैराट या खेड्यातल्या शाळेत झाला. त्या हिरव्या-पांढऱ्या यंत्रावर टीका पुष्कळ झाली, त्यातली बरीचशी रास्तही होती. पण ते बनवणाऱ्यांनी एक गोष्ट केली होती. साध्या फुलीच्या स्क्रूड्रायव्हरने ते उघडेल असे ठेवले आणि उघडताना मुलांकडून स्क्रू हरवणार हे धरून हँडलच्या आत जादा स्क्रू भरून दिले. खैराटच्या धनगरवाड्यातल्या पोरांच्या हातात जगातल्या नामांकित अभियंत्यांनी जादा स्क्रू ठेवले, आणि साताऱ्याच्या वातानुकूलित शाळेने असलेल्यांनाही हात लावू नका म्हणून सांगितले!

इथे विनोद थांबतो, कारण हा एका शाळेचा वेडेपणा नाही. राज्यातल्या कितीतरी शाळांत संगणककक्ष म्हणजे गाभारा. बाहेर चपला काढायच्या, आत फुलाफुलांच्या झालरीची प्लास्टिकची आवरणे, पंधरा यंत्रांतली चार चालू, आणि ‘हात लावू नये’ ही पाटी माऊसच्या वर. कार्यशिक्षण नावाचा विषय वेळापत्रकात आहे, श्रेणीही मिळते. त्या तासाला मुले दिवाळीला आकाशकंदील करतात, रक्षाबंधनाला राख्या करतात आणि उरलेले वर्षभर ग्रंथालयातल्या पुस्तकांना कव्हरे घालतात. विज्ञान प्रदर्शनात याच शाळेने ‘संगणकाचे अंतरंग’ हा विषय दिला. थर्माकोलला २०१८ पासून राज्यात बंदी, म्हणून मॉडेल पुठ्ठ्याचे. प्रोसेसर काडेपेटीचा, रॅम आइस्क्रीमच्या काड्यांची, तारा लोकरीच्या. सांगलीच्या मामाने खराब झालेला खरा मदरबोर्ड पाठवतो म्हटले तर निरोप आला, खरा नको, मुलांना लागेल. पुठ्ठ्याच्या संगणकाला पहिले बक्षीस! परीक्षकांचा अभिप्राय: ‘आतील भाग स्पष्ट दिसतात.’ खऱ्याचे आतील भाग दिसण्यासाठी दहा स्क्रू लागतात, दहा मिनिटे लागतात आणि शेजारी उभा राहणारा, चुकले तर न ओरडणारा एक शिक्षक लागतो. यातले पहिले दोन स्वस्तात मिळतात. तिसऱ्यावर पैसा खर्च करायचा नसतो म्हणून चौथी गोष्ट विकत आणतात, चकचकीत, सीलबंद, आणि तिच्या वाटपाचा समारंभ करतात. केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये ‘दुरुस्तीच्या हक्का’चे पोर्टल सुरू केले. ते शाळेच्या लॅपटॉपवर उघडत नाही, परवानगी असलेल्या साइटच्या यादीत नाही म्हणून.

आणि मग तो दिवस आला. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला. शाळेचे लॅपटॉप त्यावरच चालत होते. विंडोज ११ बसत होती, पण चार जीबी रॅम ही तिची किमान अट, आणि किमान म्हणजे किती किमान हे चालू करून चहाला जाणाऱ्यालाच कळते. रॅम वाढवायचे ठरले. नेमक्या त्याच सुमारास एआयच्या डेटा सेंटरांनी जगभरची मेमरी गिळायला सुरुवात केली आणि वर्ष संपता संपता रॅमचे भाव गगनाला भिडले. सांगलीत मुलीने आपल्या कॅबिनेटकडे पाहिले आणि आधीच दोन पट्ट्या घेतल्याबद्दल मनातल्या मनात बापाचे आभार मानले. साताऱ्यात निविदा निघाली.

पुरवठादाराचा इंजिनीअर पुण्याहून आला. कलम सात त्याला लागू नव्हते. त्याने टायची गाठ सैल केली, पहिला लॅपटॉप पालथा घातला, बॅगेत हात घातला, पुन्हा घातला. स्क्रूड्रायव्हरचा संच ऑफिसात राहिला होता. मुख्याध्यापकांनी शाळाभर शोधाशोध करायला लावली. भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत नाही, संगणककक्षात नाही, नव्या ‘नवोन्मेष दालना’त तर नाहीच. शेवटी शिपाईकाकांनी शर्टाच्या खिशाला लावलेला टेस्टर काढला. पंखे, नळ, घंटा आणि फळ्याचे बिजागर ज्याच्यावर चालतात तो टेस्टर. फुलीच्या स्क्रूत टेस्टरचे चपटे टोक तिरके धरून कसे बसवायचे हे त्यांना ठाऊक होते. चाळीस लॅपटॉप काकांनी उघडले, इंजिनीअरने पट्ट्या बसवल्या आणि सेवा-अहवालावर सही केली. एकातून चिमूटभर हळद निघाली.

पुढच्या आठवड्यात परिपत्रक निघाले. शाळेच्या आवारात टेस्टर, स्क्रूड्रायव्हर व तत्सम हत्यारे बाळगण्यास विद्यार्थी, पालक व शिक्षकेतर कर्मचारी यांना सक्त मनाई. सूचनाफलकावर लावायला ते काकांच्या हाती दिले. फलकाला काच आहे आणि काचेची चौकट चार स्क्रूंनी बसवलेली आहे. काका परिपत्रक घेऊन परत आले. मुख्याध्यापकांनी मग ते पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकले. एका पालकाने न वाचताच ‘हार्दिक अभिनंदन’ लिहिले, आणि मग बाकीच्या सगळ्यांनी तेच लिहिले.